‘वर्तणूक’ नावाचा रकाना : वर्गातल्या ‘उद्धट’ पोराचा इतिहास

जून महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक बाई आल्या. जळगावातल्याच एका डाळ मिलमध्ये त्या कामाला जातात. पदरात गुंडाळलेला कागद त्यांनी आमच्यापुढे ठेवला. तो त्यांच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मुलगा सातवीत. दाखल्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ या रकान्यापुढे ‘साधारण’ आणि ‘वर्तणूक’ या रकान्यापुढे ‘असमाधानकारक’ असे लिहिले होते. हा दाखला घेऊन त्या दोन शाळांत फिरून आल्या होत्या. दोन्हीकडे कागद बघून तो परत त्यांच्या हातात देण्यात आला.

घडले काय होते, ते मुलाकडून आणि त्याच्या वर्गमित्रांकडून आम्ही वेगवेगळे ऐकून घेतले. दर शनिवारी वर्ग झाडायची पाळी त्याच त्या चार-पाच मुलांवर येत होती. एका शनिवारी हा पोरगा बोलला, “सर, दर वेळी आम्हीच का?” सरांनी मुस्काटात मारली. पोराने झाडू फेकला, बाकावर लाथ मारली आणि दप्तर न घेताच तो निघून गेला. आठवडाभराने आईला शाळेत बोलावून एका अर्जावर सही घेतली. ‘घरगुती अडचणीमुळे दाखला मिळावा’ असे त्या अर्जात लिहिले होते. आईला ते वाचता आले नाही.

शाळेचे नाव आम्ही इथे घेत नाही. एका शाळेला, एका शिक्षकाला झोडपून हा प्रश्न सुटणार नाही. ज्यांना तो एका शाळेचा वाटतो, त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

त्या दाखल्याकडे नीट पाहा. त्यावर नाव आहे, धर्म आहे, जात आहे आणि थोडे खाली ‘वर्तणूक’ आहे. जातीचा रकाना आपण रोज पाहतो, त्यावर बोलतो, भांडतो. वर्तणुकीच्या रकान्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. बहुतेक दाखल्यांवर तिथे ‘चांगली’ असा शब्द असतो आणि आपण पुढे जातो. पण हा रकाना कोण भरतो? कशावरून भरतो? आणि शिक्षकाची, शाळेची, गावाची वर्तणूक लिहायचा रकाना कुठे आहे? हे प्रश्न आजचे नाहीत. त्यांना किमान पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

हजर राहणे हाच गुन्हा

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्या मुलाने बाक तोडला नव्हता, कुणाला शिवी दिली नव्हती. त्याने फक्त अर्ज केला होता. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीच्या सगळ्या मुलांनी शाळा सोडली तर काय, अशी सरकारची अडचण होती. प्रकरण वरपर्यंत गेले, तेव्हा १८५८ साली सरकारला जाहीर करावे लागले की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने शिक्षणावरचे निवेदन मांडताना बाबासाहेबांनी हेच धारवाडचे प्रकरण पुढे ठेवले होते.

आमच्या दृष्टीने या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट अशी. ‘वर्गाची शिस्त बिघडवणारा विद्यार्थी’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तो पोरगा शाळेच्या दारातच उभा होता. गडबड करण्याची धमकी देणारी मुले आणि त्यांचे पालक आत होते. तरी प्रश्न उभा केला तो बाहेरच्याने, असे ठरले. शिस्तीची ही व्याख्या आपल्या शाळांना जन्मापासून चिकटली आहे. बसलेल्यांची सोय म्हणजे शिस्त आणि येणाऱ्याचे येणे म्हणजे बेशिस्त.

त्याच काळात पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या निबंधात ती धर्माला आणि धर्माच्या ठेकेदारांना थेट जाब विचारते. दुसऱ्या कुठल्या शाळेत त्या पोरीने हेच तोंडाने विचारले असते तर? तिच्या नावापुढे काय लिहिले गेले असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. फुल्यांच्या शाळेत त्याच प्रश्नाला कागद आणि शाई मिळाली. एकच धिटाई एका शाळेत उद्धटपणा ठरते आणि दुसऱ्या शाळेत निबंध होते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुले यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. पण शिक्षक कसा असावा याबद्दल त्यांनी जे सांगितले, ते आपण विसरतो. शेतकरी-कष्टकऱ्यांतून आलेले, शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला न लाजणारे आणि खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळणारे शिक्षक त्यांना हवे होते. मुले शाळेत का टिकत नाहीत याचे उत्तर शोधताना फुल्यांनी आधी शिक्षक तपासला आणि मग मूल. आज शिस्तीवर जी व्याख्याने होतात, ती आधी मूल तपासतात आणि तिथेच थांबतात.

साताऱ्याचा हट्टी पोरगा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांत बाबासाहेबांच्या ‘आदर्श विद्यार्थी’पणावर भाषणे होतात. अठरा अठरा तास अभ्यास, दिव्याखाली वाचन वगैरे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे.

१९४७ साली आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’ने आंबेडकर विशेषांक काढला. त्यात बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणी सांगितल्या आणि आपण लहानपणी फार हट्टी होतो, हे मोकळेपणाने कबूल केले. हट्टापायी एकदा ते मुसळधार पावसात छत्री न घेता शाळेत गेले. चिंब भिजलेले पोर वर्गात आले. पेंडसे नावाचे शिक्षक होते. त्यांनी छडी काढली नाही. स्वतःच्या मुलाला सोबत दिले आणि भीमरावाला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. कपडे वाळत पडले होते, तेव्हा लंगोटीवरच वर्गात बसायची वेळ आली आणि हट्टी पोराला रडू कोसळले. हट्ट कमी करायचे आपण त्या दिवसापासून ठरवले, असे बाबासाहेब सांगतात.

त्याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर गुरुजी होते. मधल्या सुट्टीत भीमराव जेवायला म्हणून घरी पळायचा. हे बाहेर पळणे गुरुजींना पसंत नव्हते. त्यांनी शिक्षा केली नाही, आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला द्यायला सुरुवात केली. पोराचे पळणे आपोआप थांबले.

आता या दोन प्रसंगांच्या शेजारी तिसरी गोष्ट ठेवा. बाबासाहेबांनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे की त्याच काळात शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर बाकीच्या मुलांना शिक्षकाची परवानगी पुरत असे. याला परवानगी आणि वर नळ सोडायला शिपाई, असे दोन्ही लागे. शिपाई नसला की पाणी नाही. आंबेडकर गुरुजींची ती प्रेमाची भाकरीसुद्धा शिवाशीव टाळून, वरून हातावर पडत होती.

आम्ही हे गुरुजींना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्या काळात त्यांनी केले ते पुष्कळ होते आणि बाबासाहेबांनी त्यांची आठवण आयुष्यभर कृतज्ञतेने जपली. पण दोन गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, हे शिकायला हवे. पहिली : हट्टी, पळणाऱ्या मुलाला शिक्षेपेक्षा कुणीतरी आपली दखल घेते आहे, या जाणिवेने जास्त फरक पडतो. दुसरी : शिक्षकाच्या प्रेमाने गोणपाट हटले नाही. गोणपाट हटवायला कायदा लागला, चळवळ लागली, महाड लागले.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गातली पोरे धावत सुटली, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते आणि ते बाटतील अशी त्यांना भीती होती. त्याच काळातला आणखी एक प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. तू महार, तुला शिकून काय करायचे, असे एका शिक्षकाने डिवचले. भीमराव संतापला आणि तुमचे काम तुम्ही बघा, असे त्याने शिक्षकाला तोंडावर सुनावले. आजच्या शाळेच्या भाषेत याला काय म्हणतात? शिक्षकांशी उद्धट वर्तन. त्या दिवशी त्याच्या हातात ‘वर्तणूक : असमाधानकारक’ असा दाखला पडला असता आणि दोन शाळांनी तो परत केला असता, तर या देशाचे काय झाले असते, याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने सही करण्यापूर्वी करावा.

अमळनेरचे वसतिगृह, चाळीसगावचा टांगा

आता आपल्या खानदेशात येऊ. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पसारा घालणारी, आळशी, एकमेकांशी भांडणारी पोरे कुठल्याही वसतिगृहात असतात, तशी तिथेही होती. गुरुजींनी नियमांचा फलक लावला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे घडी करून ठेवत, कंदील पुसून ठेवत. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. त्यांच्यासाठी गुरुजी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढत.

आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने साने गुरुजींचे कौतुक करावे का, असा प्रश्न काहींना पडेल. आम्हाला पडत नाही. शिक्षकाने झाडू हातात घेणे, ही गोष्ट फुल्यांच्या १८८२ च्या मागणीच्या फार जवळची आहे. आमच्या जळगावच्या पोराला चपराक मारणाऱ्या सरांनी तो झाडू एक शनिवार स्वतः हातात घेतला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता. आक्षेप आहे तो साने गुरुजींची गोष्ट सांगून थांबणाऱ्यांवर. चांगला शिक्षक मिळणे हे नशीब असते. न्याय नशिबावर सोडता येत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे बरोबर कळले होते. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. शिक्षकांच्या मनात प्रेम उपजायची त्यांनी वाट पाहिली नाही.

साने गुरुजी अमळनेरला होते त्याच काळात, १९२९ साली, बाबासाहेब खानदेशात आले होते. अस्पृश्य आणि आदिवासींची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती आणि बाबासाहेब व आणखी एक सभासद यांच्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे होते. धुळे लाइनवरच्या एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला नेण्यासाठी टांगा पाहिला, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला बसला तो वस्तीतलाच, टांगा हाकायची सवय नसलेला माणूस. पुलावर टांगा उलथला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. एका बॅरिस्टरपुढेही टांगेवाला स्वतःला वरचढ समजतो, हा या प्रसंगातून निघालेला धडा बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवला.

आमचा प्रश्न इतकाच आहे. त्या टांगेवाल्यांची वर्तणूक कोणत्या रजिस्टरमध्ये नोंदली गेली? गावाच्या लेखी ती ‘रीत’ होती. वरून खाली होणारा उद्धटपणा रीत म्हणून खपतो आणि खालून वर गेलेला नुसता प्रश्नही वर्तणुकीच्या रकान्यात जातो. शनिवारी त्याच चार पोरांच्या हातात झाडू देणे, हीसुद्धा वर्तणूकच आहे. ती कुणी लिहीत नाही.

याच काळात आणखी एक भयंकर रकाना अस्तित्वात होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. पुढे मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी झाली. कुंपणातल्या वसाहती, हजेऱ्या, आणि त्यात वाढणारी मुले. वर्तन रक्तात असते, हा विचार सरकारी कागदावर आला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ‘त्यांच्या जातीचंच तसं असतं’ हे वाक्य अजून ऐकू येते. पारध्याच्या पोराच्या शेजारी पेन हरवले की आधी त्याचेच दप्तर उघडले जाते. रोज ज्याचे दप्तर उघडले जाते, ते पोर एक दिवस दप्तर फेकणार नाही तर काय करील?

आजचा वर्ग, आजची कारणे

समाजशास्त्रात शिक्का मारण्याचा सिद्धांत शिकवतात. अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर याने १९६३ च्या आपल्या पुस्तकात मांडले की एखादे कृत्य ‘विचलित’ आहे की नाही, हे त्या कृत्यापेक्षा त्याला नाव देणारे लोक ठरवतात. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कुठल्याही वर्गात बसून पाहावे.

शिक्षक विचारतात आणि मूल तोंड उघडत नाही. ‘अडाणी’ किंवा ‘अडेल’ म्हणून ते मोकळे होतात. घरी ते मूल अहिराणी बोलते, पावरी बोलते, भिलोरी बोलते. पहिल्यांदा ते ‘मना’, ‘तुना’ म्हणाले तेव्हा वर्ग हसला होता. त्यानंतर त्याने बोलणेच सोडले. हा अडेलपणा नाही, एकदा पोळल्यावर आलेले शहाणपण आहे.

दुसरे मूल ऊसतोडीला आईबापाबरोबर गुजरातेत जाते आणि अर्धे वर्ष बुडवून परत येते. पंचेचाळीस मिनिटे एका जागी बसायची सवय मोडलेली असते, पुस्तक तीन धडे पुढे गेलेले असते. ते चुळबुळ करते, शेजाऱ्याला टोचते. तिसरे पहाटे चारला उठून बापाबरोबर भाजी बाजारात किंवा केळीच्या गाड्या भरायला जाते आणि तिसऱ्या तासाला झोपते. चौथ्याच्या घरी रात्री दारूचा धिंगाणा असतो. वर्गात दार जोरात वाजले तरी ते दचकते आणि अंगावर धावून येते. पाचव्याला फळाच दिसत नाही, चष्मा लागला आहे हे कुणी पाहिलेले नाही.

प्रत्येक खोडी म्हणजे बंड आहे, असा आमचा दावा नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि घातकही. १९७७ साली पॉल विलिस या अभ्यासकाने इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या कामगारांच्या मुलांवर पुस्तक लिहिले. ती मुले शिक्षकांची टर उडवत, शाळेचे नियम मोडत, अभ्यासू पोरांना हसत. शाळा आपल्यासाठी नाही, हे त्यांना बरोबर ओळखता आले होते. पण त्या बंडाचा शेवट काय झाला? ती पोरे हसत हसत बापाच्याच कारखान्यात, बापाच्याच कामावर गेली. दिशा नसलेले बंड माणसाला होते तिथेच नेऊन सोडते. आमच्या वस्तीतले ‘भाई’ झालेले, दहावी नापास होऊन नेत्याच्या मोटारसायकल रॅलीत झेंडा धरणारे पोरगे आठवा. त्यांतले कितीतरी कधीकाळी वर्गात ‘आम्हीच का?’ असे विचारणारेच होते. त्या प्रश्नाला कुणी पुस्तक दिले नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द ‘शिका’ हा आहे, तो उगाच नाही.

आपल्या घरातलेही बोलायला हवे. ज्या आईने आमच्यापुढे दाखला ठेवला, तिनेही घरी पोराला बदडले होते. “मारा, पण शिकवा” असे शिक्षकांना सांगणारे बाप आपल्याच वस्तीत आहेत. मुलींची छेड काढणाऱ्या आपल्या पोराला ‘लहान आहे’ म्हणून पाठीशी घालणारेही आपणच. शाळेला जाब विचारायचा तर स्वतःच्या उंबऱ्याच्या आतही विचारावा लागेल.

अंगुलिमाल आणि राहुल

बौद्ध म्हणून आपल्याकडे या विषयावर अडीच हजार वर्षांचा साठा आहे. अंगुलिमालाची कथा आपण दरोडेखोराची कथा म्हणून सांगतो. पण अट्ठकथेत ती एका विद्यार्थ्याची कथा आहे. अहिंसक नावाचा हुशार मुलगा तक्षशिलेला शिकत होता. मत्सरी सोबत्यांनी गुरूचे कान भरले. गुरूने मुलाला काही न विचारता त्यांवर विश्वास ठेवला आणि हजार बोटांची गुरुदक्षिणा मागून त्याला विनाशाच्या वाटेला लावले. म्हणजे अंगुलिमाल जंगलात जन्मला नाही, तो वर्गात घडवला गेला. तथागतांनी काय केले? ते त्याच्यासमोर शांतपणे चालत गेले, त्याला थांबायला सांगितले, आणि त्याला संघात जागा दिली. आधी जागा, मग सुधारणा. आपल्या शाळा उलटे करतात. आधी सुधारून ये, मग जागा देऊ.

दुसरी कथा राहुलाची. खोटे बोलण्याविषयी त्याला समजावताना तथागतांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, आरशाचा दृष्टान्त दिला. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर, ती स्वतःला किंवा दुसऱ्याला त्रास देणारी आहे का हे तपासायला शिकवले. मुलाच्या हाती स्वतःचा तपास दिला. दहशतीने पोर फक्त पकडले जाऊ नये हे शिकते. तपासाने ते वागायला शिकते.

मग करायचे काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला शिकू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणूनच शाळा काढत नाही, ‘तुम्हीच अर्ज करा’ म्हणते. न वाचता आणि वाचून न घेता सही करू नका, हे प्रत्येक वस्तीत सांगितले पाहिजे. कलम ५ नुसार दाखला उशिरा आला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत आहे. त्या बैठकांना आपण जातो का?

शिक्षकांनाही सांगणे आहे. तुमच्यावर साठ पोरांचा वर्ग, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, हे सगळे ओझे आहे, हे आम्हाला दिसते. तरी चार गोष्टींना पैसा लागत नाही. मूल भडकले की सगळ्या वर्गापुढे त्याचा हिशोब करू नका. थोड्या वेळाने बाजूला घेऊन ‘काय झालं?’ असे विचारा, आणि ‘का केलंस?’ हा प्रश्न मागाहून ठेवा. कोणत्या तासाला, कुणाच्या शेजारी, कशानंतर हे घडते, ते आठवडाभर लिहून ठेवा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा आणि पहिले नाव स्वतःचे लिहा. आणि मुलाच्या घरी तक्रार घेऊन जाण्याआधी एकदा नुसतेच जाऊन या.

दुसऱ्याला इजा करणाऱ्या मुलाला थांबवलेच पाहिजे, ज्याला लागले त्याची बाजू आधी घेतली पाहिजे. आम्ही मोकाट सोडा असे म्हणत नाही. पण थांबवणे वेगळे आणि हाकलणे वेगळे. साताऱ्याच्या पेंडसे मास्तरांनी हट्टी पोराला थांबवले होते. हाकलले नव्हते.

त्या पोराचे पुढे काय झाले? आम्ही कायद्याची कलमे लिहून अर्ज दिला, दोनदा शाळेत गेलो. नवा दाखला मिळाला. त्यावर वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असे लिहिले आहे. पोरगा तोच, शनिवारही तोच, फक्त विचारणारे चार लोक सोबत गेले तर शब्द बदलला. त्या शब्दाची किंमत किती, हे यावरून समजावे. तो आता दुसऱ्या शाळेत जातो आणि संध्याकाळी अभ्यासिकेत येतो. अजून चिडतो. चिडला की आम्ही त्याला वही देतो आणि कशाचा राग आला ते लिहायला सांगतो. मुक्ताचा निबंध त्याने दोनदा वाचला आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला आपल्या गावातल्या शाळेत विद्यार्थी दिवसाचा कार्यक्रम होईल. हार घाला, भाषण ऐका. मग मुख्याध्यापकांना आदराने दोन प्रश्न विचारा. या शाळेत वर्ग कोण झाडते? आणि गेल्या वर्षी ‘वर्तणुकी’मुळे किती मुलांचे दाखले गेले, ती कोणत्या वस्तीतली होती? उत्तर लिहून घ्या. भिवा रामजी आंबेडकर हे नाव ज्या रजिस्टरात लागले, त्या दिवसाचा खरा सन्मान दुसऱ्या कुणाचे नाव रजिस्टरातून कमी होऊ न देण्यात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!